चांदी संपल्यानंतरचं गाव : ओमोरी, युनोत्सु आणि इवामीचा डोंगर

१५६८ साली गोव्यात तयार झालेल्या एका नकाशासंग्रहात जपानच्या पश्चिम भागावर पोर्तुगीज भाषेत चांदीच्या खाणींची नोंद आहे. नकाशाकाराचं नाव फेर्नाव वाझ दोउरादो. त्याने काढलेल्या जपानचा आकार पार चुकलेला आहे, पण खाणींची जागा बऱ्यापैकी बरोबर. सोळाव्या शतकात गोव्याच्या व्हाइसरॉयच्या दरबारात ज्या डोंगराची खबर होती, तो डोंगर आज जपानी माणसालाही नकाशात शोधून सांगावा लागतो. शिमाने प्रांत, ओदा शहराचा डोंगराळ भाग, ओमोरी गाव. वस्ती जेमतेम चारशेची. खाणीचं नाव इवामी गिंझान.

जपानला जाणारा आपल्याकडचा माणूस तोक्यो, क्योतो, हिरोशिमा करतो, फुजी दिसला तर भाग्य म्हणतो आणि परततो. शिमाने त्या वाटेवर येतच नाही. आम्ही नवरा-बायकोने मात्र या खेपेला मोठी शहरं सोडून हाच कोपरा धरला.

पहिला दिवस : डोंगरापलीकडे

ओकायामाहून याकुमो एक्स्प्रेसने इझुमोला पोचायला तीन तास लागतात. गाडी चुगोकु डोंगररांगेतून नागमोडी जाते आणि डोंगर ओलांडताच हवा बदलते. अलीकडे लख्ख ऊन, पलीकडे ढग खाली उतरलेले. हा जपानच्या समुद्राकडचा किनारा. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वारा इथे बर्फ आणि पाऊस ओततो. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो तरी छत्री हातातून सुटली नाही. या बाजूचे लोक म्हणतातच, डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका.

इझुमोहून लोकल गाडीने ओदा शहराचं स्टेशन आणि तिथून बसने अर्धा तास. भाताची खाचरं पिवळी पडत आलेली, बांधांवर हिगानबानाची लालभडक फुलं. ओमोरीत उतरलो तेव्हा बसमध्ये आमच्याशिवाय शाळेची दोन मुलं आणि ड्रायव्हर.

गावाची रचना एका नजरेत कळते. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले चढ, मध्ये गिंझान नावाची छोटी नदी आणि तिच्याकडेने जाणारा, गाडी जेमतेम मावेल असा एकच रस्ता. किलोमीटरभर दुतर्फा लाकडी घरं. छपरांवर तांबूस, चकाकणारी कौलं. ती याच इवामी भागात भाजतात. लोहयुक्त दगडाची झिलई देऊन बाराशेहून अधिक अंशांवर भाजल्यामुळे त्यांना तो रंग येतो आणि बर्फ, खारा वारा दोन्ही सोसतात.

१८०० साली मोठी आग लागून गाव जवळपास बेचिराख झालं. आज दिसतात ती बहुतेक घरं त्यानंतरची. जपानी किल्ल्यांच्या गावांत सामुराईंची आळी वेगळी, व्यापाऱ्यांची वेगळी, देवळं तिसरीकडे. इथे दरीच एवढी चिंचोळी की सगळे एकमेकांना खेटून राहिले. सामुराईच्या फाटकाला लागून वाण्याचं दुकान, त्यापुढे देऊळ.

कुमागाई घराण्याचा वाडा निवांत पाहावा. आगीनंतर १८०१ मध्ये पुन्हा उभा राहिलेला. सरकारजमा होणारी चांदी तोलून-पारखून घेण्याचं काम या घराण्याकडे होतं. माजघरात जमिनीची फळी उचलली की खाली दगडी तळघर. चांदीवाल्यांच्या घरात ते कशासाठी, हे सांगायला नको. बायको मात्र स्वयंपाकघरातच रमली. मातीच्या चुलींची रांग, वर धुराने काळे झालेले वासे, कपाटात ताटवाट्यांचे गठ्ठे. घराची डागडुजी झाली तेव्हा ही भांडीकुंडी, कपडे, पेट्या गावातल्या बायकांनीच एकेक करून पुसल्या, लावल्या, आणि वाड्याची देखभालही त्याच पाहतात. काचेआड ठेवलेली वस्तू आणि रोज हात फिरणारी वस्तू यांतला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

रस्त्यात शीतपेयांचं यंत्र दिसलं तर तेही लाकडी चौकटीत झाकलेलं. हे सगळं पर्यटकांसाठी सजवलेलं असेल अशी मला शंका होती. तसं नाही. खाण १९२३ मध्ये बंद पडली आणि गाव ओस पडत गेलं, तरी गावकऱ्यांनी दुरुस्त्या सुरू केल्या त्या जागतिक वारशाचं नाव निघण्याच्या कितीतरी आधी. १९८७ मध्ये वस्तीला संरक्षित दर्जा मिळाला. नाकामुरा ब्रेस नावाची कृत्रिम अवयव बनवणारी कंपनी १९७४ पासून याच गावात आहे, आणि तिने पडझड झालेली साठाहून अधिक घरं दुरुस्त केली आहेत. २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यावर बसगाड्यांची झुंबड उडाली. खाणीपर्यंत जाणारी बस गावाच्या मधून धडधडायची. पुढच्याच वर्षी ती बंद झाली. आता खाणीला चालत, सायकलने किंवा विजेच्या छोट्या गाडीने जायचं. गावकऱ्यांनी एक सनदही केली आहे. तिचा पहिलाच मुद्दा असा की या गावात माणसं राहतात. आपल्याकडच्या पर्यटनखात्यांनी ती वाचावी.

रात्री मुक्कामाच्या घरी जेवणात मासे, आमटीसारखं मिसो सूप आणि रताळ्याची तेंपुरा भजी. (सूप शाकाहारी नसतं, माशाचा अर्क असतो. कडक शाकाहारी असाल तर आधी कळवा.) रताळं पाहून आम्हाला एकादशी आठवली, पण यजमानीण बाईंना आठवले इदो हेइझाएमोन. शोगुनांतर्फे, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांतर्फे, इथे नेमलेले कमाविसदार म्हणा ना. १७३१ मध्ये साठीच्या वयात आले. पुढच्याच वर्षी पश्चिम जपानात तुडतुड्यांच्या धाडीने भाताचं पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. इदोंनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता सरकारी कोठारं उघडली, सारा माफ केला आणि दूर दक्षिणेच्या सात्सुमाहून रताळ्याचं बेणं मागवलं. पहिली लागवड बहुतेक जागी फसली. किनाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याने बेणं जगवलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. इदो स्वतः १७३३ मध्ये वारले, दोन वर्षांची कारकीर्दही भरली नाही. पण रताळ्याचे कमाविसदार म्हणून या किनाऱ्यावर त्यांची शेकडो स्मारकं आहेत आणि ओमोरीत देऊळ आहे. खाणीतून टनावारी चांदी काढून देणारे अधिकारी होऊन गेले. त्यांपैकी कोणाचं देऊळ आमच्या पाहण्यात आलं नाही.

दुसरा दिवस : डोंगराच्या पोटात

बसस्टॉपपासून खाणीच्या तोंडापर्यंत दोन-सव्वादोन किलोमीटर. वाट नदीच्या कडेने बांबूच्या आणि सुगी नावाच्या जपानी देवदारांच्या दाट सावलीतून चढते. आजूबाजूला खाण असल्याची एकही खूण नाही. ना मुरमाचे उघडे ढीग, ना भकास उतार. मग नीट पाहिलं की शेवाळलेल्या दगडी पायथ्यांचे चौथरे दिसू लागतात. एकाच्या वर दुसरा, डोंगरावर पार झाडीत शिरेपर्यंत. ही घरांची जोती. आज जिथे पाखरंच बोलतात, तिथे एके काळी घराला घर लागलेलं होतं. जुन्या कागदांत दोन लाख लोकवस्तीचा आकडा येतो. तो मला फुगवलेला वाटतो, पण अर्ध्याच्या अर्ध्याचा अर्धा धरला तरी दरी गजबजलेली असणार.

मुख्य डोंगर सेन्नोयामा, ५३७ मीटर. आपल्या डोळ्यांना टेकडीच. पण हा जुना ज्वालामुखी आहे. पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या त्याच्या मऊ खडकात गरम पाण्याने चांदी आणून सोडली, आणि तीही फार खोल नाही. त्यामुळे छिन्नी-हातोड्यावर काम भागलं. दंतकथा अशी की हाकाताचा व्यापारी कामिया जुतेई १५२६-२७ च्या सुमारास समुद्रावरून जात असताना त्याला हा डोंगर चमकताना दिसला. पण खरं वळण १५३३ सालचं. कोरियातून शुद्धीकरणाची नवी पद्धत इथे आली तेव्हा.

ती पद्धत गावातल्या संग्रहालयात मांडली आहे आणि समजून घेण्याजोगी आहे. खाणीतला दगड खळगे पडलेल्या पाट्यावर ठेवून फोडायचा. तो पाटाही तिथे आहे, मधोमध हातोड्याने झिजून वाटीसारखा खोलगट झालेला. मग भुगा लाकडी ताटात पाण्याने हलवत हलका गाळ सांडायचा आणि जड कण ठेवायचे, सोनाराच्या गल्लीतली माती धुणारे आपले झारेकरी करतात तसंच. ते कण शिशाबरोबर वितळवायचे. चांदी शिशात उतरते. मग भट्टीत राखेचा जाड थर अंथरून त्यावर हा गोळा पुन्हा तापवायचा. शिसं ऑक्साइड होऊन राखेत झिरपतं आणि वर चांदीची टिकली उरते. याआधी धातुक जहाजाने बाहेर न्यावं लागे. आता जागच्या जागी शुद्ध चांदी मिळू लागली. इथून हीच कृती इकुनो, सादो अशा दुसऱ्या खाणींत गेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या चांदीपैकी सुमारे एक तृतीयांश जपानची असे, आणि तीत इवामीचा वाटा मोठा.

एवढी चांदी म्हटल्यावर भांडणं आलीच. ओउची, ओगासावारा, आमागो असे सरदार डोंगरावर चढले आणि उतरले. १५६२ मध्ये मोरी घराण्याने तो घेतला. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकताच पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासुने ताबडतोब तो खालसा केला आणि ओकुबो नागायासुला पाठवलं. हा नटाचा मुलगा, पण हिशेबात आणि खाणकामात असा तरबेज की सादोही त्याच्याच हाती आली. १६१३ मध्ये तो मेला आणि मेल्यावर अफरातफरीचा ठपका ठेवून त्याच्या मुलांना देहदंड झाला.

खाणीची तोंडं सहाशेहून जास्त आहेत. सरसकट आत जाता येतं ते र्‍युगेन्जी बोगद्यात. हा १७१५ सालचा. दारातच थंडगार वारा अंगावर येतो, बाहेर उकाडा असला तरी आत बारा-तेरा अंश. मूळ बोगद्याचे १५७ मीटर चालता येतात. भिंतीवर हात फिरवला की छिन्नीचे वार बोटांना लागतात, तिरपे, एकाच दिशेचे. दोन्हीकडे भोकं सुटलेली. काही इतकी अरुंद की माणूस पोटावर सरपटतच गेला असेल. चांदीची शीर जिकडे वळली तिकडे माणूस वळला. बोगद्याच्या तोंडाशी एक नेचा उगवतो, हेबिनोनेगोझा नावाचा. जड धातूंच्या मातीत तो तग धरतो, म्हणून खाणवाले त्याच्यावरून जागा हेरत.

उजेडाला शिंपल्यातला दिवा. मोठ्या समुद्री गोगलगायीच्या कवचात तेल आणि वात. धूर, दगडाची धूळ, ओल. तिशी गाठलेल्या खाणकामगाराचा दीर्घायुष्याचा सोहळा करत, असं सांगतात. १८५८ मध्ये मिया ताइचु नावाच्या वैद्याला बोलावलं. त्याने वारा आत ढकलण्याची यंत्रं बसवली आणि उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, गर लावलेले मुखवटे कामगारांना दिले. तोवर तीन शतकं उलटून गेली होती.

परतताना शिमिझुदानीला वळावं. झाडीत दगडी भिंतींच्या पायऱ्या-पायऱ्या, पाहताच किल्ला वाटावा. १८९५ मध्ये फुजिता कंपनीने मोठा पैसा ओतून आधुनिक शुद्धीकरण कारखाना उभारला. दगडात चांदीच तेवढी राहिली नव्हती. दीड वर्षात सगळं बंद.

आणि राकान-जी हे बौद्ध देऊळ. नदीपलीकडे खडकात कोरलेल्या गुहा, त्यांच्यापर्यंत जाणारे कमानीचे दगडी पूल, आणि आत पाचशे अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले बुद्धाचे शिष्य, मध्ये बुद्ध. खाणीत मेलेल्यांच्या स्मरणार्थ फुकुमित्सुच्या पाथरवटांनी पंचवीस वर्षं खपून १७६६ मध्ये हे काम पुरं केलं. फोटोला मनाई आहे, आणि बरं आहे. कुणी हसतोय, कुणी आभाळाकडे पाहतोय, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलाय, एक तर सरळ कंटाळलेला. आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा यांत सापडतो अशी श्रद्धा आहे. अर्हत ही कल्पना आपल्या भूमीतून चीन-कोरियामार्गे गेलेली, पण ह्या पाचशेंत ध्यानस्थ साधू थोडे आणि ओमोरीच्या रस्त्यावर भेटतील असे लोक जास्त.

तिसरा दिवस : चांदीची वाट, बंदर आणि आठ तोंडांचा साप

चांदी बंदराला नेण्याची जुनी वाट ओमोरीहून घाट चढून पश्चिमेला युनोत्सुला उतरते, साधारण बारा किलोमीटर. खिंडीच्या अलीकडे-पलीकडे अस्वलांच्या सूचना लावलेल्या असल्याने बॅगला घंटी बांधून निघालो. वाट चुकण्यासारखी नाही, पण पावसाळी हवेत शेवाळाचे दगड बेरकी. निशिता गावात घाट संपला आणि खाचरांत एक अजब दृश्य दिसलं. चार ओंडके वर एकत्र बांधून केलेले उंच सुळके आणि त्यांवर भाताच्या पेंढ्या उलट्या लटकवून वाळत घातलेल्या. दुरून घुबडं बसल्यासारखी दिसतात म्हणून नावही तसंच, योझुकुहादे. पेंढी लावणाऱ्या आजोबांनी ओंडक्यांच्या गाठीकडे बोट दाखवून काहीतरी बराच वेळ समजावलं. आम्ही माना डोलावल्या.

किनाऱ्यावर ओकिदोमारी. इंग्रजी यू सारखी चिंचोळी खाडी, पुढ्यात बेट, वारा लागत नाही. आज दोन-चार घरं आणि एबिसु या कोळ्यांच्या देवाचं जुनं देऊळ. खडकांत माणसाने कोरलेली आरपार भोकं आहेत, दोर ओवून जहाजं बांधायला. भोकाच्या कडा दोरांनी घासून गुळगुळीत झालेल्या. मोरींच्या काळात चांदी इथून निघायची. तोकुगावांनी हा रस्ताच बदलला. हिवाळ्यातला हा समुद्र भरवशाचा नाही, म्हणून चांदी घोडे-बैलांवर लादून डोंगर ओलांडून १३० किलोमीटरवरच्या ओनोमिचीला नेऊ लागले. तिथून ओसाका, मग क्योतो.

गोव्याचा संबंध इथेच कळतो. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचला आणि १५५१ मध्ये यामागुचीला ओउची योशिताकाला भेटला. हे ओउची त्या डोंगराशी जोडलेलं घराणं. १५५२ मध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात झेवियर म्हणतो की स्पॅनिश लोक या बेटांना चांदीची बेटं म्हणतात. पुढे गोव्याहून निघणारं पोर्तुगीजांचं मोठं जहाज मलाक्का, मकाव करत नागासाकीला जाई. मकावमध्ये चिनी रेशीम घ्यायचं, जपानात विकून चांदी घ्यायची, ती पुन्हा मकावला नेऊन रेशीम घ्यायचं. चीनला चांदीची भूक होती आणि मिंग दरबाराने जपानशी थेट व्यापार बंद ठेवला होता. मधले दलाल म्हणून पोर्तुगीज गबर झाले. १६३९ मध्ये त्यांना जपानने हाकललं. बहुतेक चांदी चीनमध्येच जिरली. गोव्याला पोचलं ते रेशीम, चिनी भांडी आणि जहाजाच्या कप्तानाचा नफा. ओल्ड गोव्याच्या बॉम जीझसमध्ये आम्ही झेवियरच्या पेटीपुढे अनेकदा उभे राहिलोय. तिचा धागा या डोंगराशी जुळत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

युनोत्सु गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. एकच गल्ली, दोन जुनी स्नानगृहं. त्यांपैकी याकुशियुचा झरा १८७२ च्या भूकंपानंतर फुटला. पाणी पिवळट-तपकिरी, आणि हौदाच्या कडेवर क्षारांचे थर चढून चढून पाषाणाची झालर झाली आहे. पाणी कढत. स्थानिक म्हातारे त्यात आरामात गळ्यापर्यंत बसतात, मी पाय घातला की काढत होतो. नागडं व्हायची लाज पहिल्या पाच मिनिटांत जाते. गावाबाहेर डोंगरउतारावर लांबच लांब चढत्या भट्ट्या आहेत. इथले पाण्याचे रांजण जहाजाने जपानभर जात. नळ आले आणि धंदा बसला.

शनिवार होता, म्हणून रात्री तात्सुनोगोझेन देवळात इवामी कागुरा, म्हणजे देवांच्या कथांचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य. लहानशी खोली, चटईवर मांडी घालून बसलेले लोक, ढोल, झांजा, बासरी. सुसानोओ देव आठ तोंडांच्या ओरोची सापाला दारू पाजून मारतो ती कथा. बांबू आणि हातकागदाचे, सतरा मीटरांच्या आसपास लांबीचे साप, आत एकेक माणूस. वेटोळी घालत ते अंगावरच येतात. धुराची पिचकारी पहिल्या रांगेतल्या पोराच्या तोंडावर गेली आणि पोरगं भोकाड पसरून बापाच्या मागे. मुखवटेही कागदाचेच. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की आतली माती फोडून टाकायची, म्हणून हलके. सादर करणारे दिवसा नोकरी-धंदा करणारे गावकरीच. प्रयोग संपल्यावर घामाने निथळत सापांच्या घड्या घालत होते.

चौथा दिवस : वाळू आणि गाडलेलं जंगल

निमा स्टेशनवर उतरून वाळूचं संग्रहालय. काचेच्या पिरॅमिडमध्ये टांगलेलं वाळूचं घड्याळ, आत एक टन वाळू. ती रिकामी व्हायला वर्ष लागतं आणि नववर्षाच्या मध्यरात्री लोक जमून ते उलटं करतात. कल्पना झकास, पण पाहायला दहा मिनिटं पुरतात. त्यापेक्षा कोतोगाहामा किनाऱ्यावर वेळ द्या. कोरड्या वाळूवर टाच घासली की ती कुईकुई वाजते. वाळूत कचरा-तेल मिसळलं की आवाज बंद होतो, म्हणून गावकरी किनारा झाडत असतात.

दुपारी टॅक्सी केली, कारण सान्बे डोंगराच्या पायथ्याचं आझुकिहारा गाठायला सोयीची बसच नाही. भाडं चांगलंच झालं आणि वसूलही झालं. १९८३ मध्ये इथे खाचरं सपाट करताना जमिनीतून दोन उभे बुंधे निघाले. कामात अडथळा म्हणून कापून काढले. त्यांचा फोटो काही वर्षांनी एका संशोधकाच्या नजरेला पडला, आणि १९९८ मध्ये खोदकाम झालं. खाली आख्खं जंगल उभं. चार हजार वर्षांपूर्वी सान्बेच्या उद्रेकाने चिखल-राखेच्या लोंढ्यात गाडलेले सुगी, जागच्या जागी, सालीसकट. आता गोल विहिरीसारखी खोली करून जिन्याने खाली उतरवतात. खालून वर पाहिलं की बुंध्याची दहा-बारा मीटर उंची मानेला जाणवते.

ड्रायव्हरदादा तोवर बाहेर थांबले होते. त्यांनी विचारलं, ओमोरी कसं वाटलं? पाहण्यासारखं काही नाही म्हणून पुष्कळ लोक नाराज होऊन परत जातात म्हणे. आम्ही राकान-जीचं नाव काढलं, कुमागाईंच्या चुलींचं सांगितलं. त्यांचे आजोबा खाणीवर हिशेबनीस होते आणि १९२३ नंतर ओसाकाला निघून गेले, वडील मात्र परत आले, हे त्यांनी स्टेशन येईपर्यंत सांगितलं. ओदाहून इझुमोची गाडी सुटायला अकरा मिनिटं होती. पुढची दीड तासाने.